कांदा, जास्वंद आणि बिब्बा: माझ्या चाईची गोष्ट

फोटो

माझी चाई मला सापडलीच नाही. ती सापडली पार्लरमधल्या मुलीला. बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर आमच्या सोसायटीसमोर एक छोटं पार्लर आहे. तिथं मी केस ट्रिम करायला बसले होते आणि मोबाईलवर ऑफिसचे मेसेज वाचत होते. मागे कात्रीचा आवाज थांबला.

"मॅम, ये कब से है?"

"काय कब से है?"

तिनं स्वतःच्या फोनवर फोटो काढून माझ्यासमोर धरला. टाळूच्या बरोब्बर मधे एक गोल, गुळगुळीत, रुपयाएवढा डाग. त्यावर एकही केस नाही. मी तिला सरळ म्हटलं, की हा माझा फोटो नाही, दुसऱ्या कुणाचा तरी दाखवतेयस. तिनं माझं बोट धरलं आणि त्या जागी नेऊन ठेवलं.

बोटाला जे लागलं ते मला आजही आठवतं. स्वतःच्या डोक्यावर तेवढी मऊ जागा असणं फार विचित्र वाटतं.

आता ज्यांच्या बोटाला नुकतंच असं काही लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. स्वतःच्या डोक्यावर केलेले प्रयोगही मी टेस्टिंगच्याच थाटात केले. त्यातला एक चांगलाच अंगाशी आला. तरी सांगते, मी आज मजेत आहे.

एक नाही, तीन

इंदिरानगरच्या स्किनच्या डॉक्टरीणबाई फार शांत होत्या. कंगव्याच्या टोकानं भांग पाडत पाडत त्यांनी माझं सगळं डोकं पाहिलं आणि म्हणाल्या, "एक नाहीये, तीन आहेत." एक टाळूवर, एक पार मागे मानेजवळ, एक डाव्या कानाच्या वर. माझ्या शरीराचंच सैन्य केसांच्या मुळांना शत्रू समजून बसलंय, असं त्यांनी समजावलं. संसर्गजन्य नाही, कॅन्सर नाही, माझ्या हातून काही चुकलेलं नाही. डोक्यात छोटी छोटी इंजेक्शनं द्यायची, दर महिन्याला.

"नॅचरल काही नाही का?" मी विचारलं.

"कधीकधी केस आपोआपही येतात. थोडे दिवस थांबायचं तर थांबा. पण जळजळेल असं काही लावू नका."

यातलं पहिलं वाक्य मी डोक्यात घट्ट धरून ठेवलं. दुसरं क्लिनिकच्या लिफ्टमध्येच गळून पडलं.

घरी येताना गाडीत मी गप्प होते. माझा नवरा मंदार गप्प बसणाऱ्यातला नाही. सिल्क बोर्डच्या सिग्नलला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तो म्हणाला, "टाळूवरची ती मॅजेस्टिक. सगळ्या बसेस तिथूनच जातात. मागची व्हाइटफील्ड, कारण तिथं पोचायला जन्म जातो. आणि कानावरची हेब्बाळ, पार कडेची."

मला इतका राग आला, की मी हसले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांना शहरातल्या भागांची तीच नावं पडली. "आज व्हाइटफील्ड कसंय?" असं आम्ही खुशाल विचारायचो. मला वाटतं, आजाराला घरचं नाव दिलं की तो थोडा वचकून राहतो.

आमचं तेल

माझे केस कमरेखाली यायचे. आणि आमच्या सोसायटीत मी 'तेलवाली' म्हणून प्रसिद्ध होते, म्हणजे खरं तर आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या साताऱ्याकडच्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे बंगळुरूला आल्या आणि पंधरवड्यात त्यांनी इथलं सगळं ओळखीचं करून घेतलं. गेटवरच्या फुलवालीशी त्या मराठीत बोलायच्या आणि ती कानडीत. दोघींचं व्यवस्थित जमायचं. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्या दोन शब्दांवर आईंनी रोजची जास्वंद निम्म्या भावात पाडून घेतली होती.

त्या जास्वंदीचं, माक्याचं आणि कढीपत्त्याचं तेल आई लोखंडी कढईत उकळायच्या. शिकेकाई, रिठा, आवळकाठी घरीच कुटायच्या. शेजारच्या तेलुगू बाई, खालच्या मजल्यावरची नागपूरची नवी सून, सगळ्या बाटल्या घेऊन यायच्या. आणि जाहिरातीला मी होतेच, पाठीवर लांबलचक वेणी सोडून.

अशा बाईला चाई पडावी! मला आजारापेक्षा त्याचाच जास्त संताप आला होता.

मी आईंना म्हटलं, "आपण नीट टेस्ट करू. सगळीकडे सगळं लावायचं नाही. मॅजेस्टिकला कांद्याचा रस. व्हाइटफील्डला आपलं तेल. हेब्बाळला काहीच नाही, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल."

"काहीच नाही?" आईंना ते अजिबात पटलं नाही. "त्या बिचारीनं काय पाप केलंय?"

वास

कांद्याच्या रसाबद्दल जगात बरंच लिहिलेलं आहे, पण वासाबद्दल कुणी खरं सांगत नाही. तीन वेळा धुतलं तरी जात नाही आणि घाम आला की पुन्हा ताजा होतो. लिफ्टमध्ये एक काका जोरात श्वास घेऊन म्हणाले, "आहा, कुणाकडे तरी भजी!" मंदार उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला. ऑफिसला जायच्या दिवशी मी केस बांधून वर ओढणी घ्यायचे आणि मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची पकडायचे.

पण हसण्याबरोबर दुसरंही चालू होतं, ते सांगायलाच हवं. आंघोळीनंतर जाळीवर जमलेले केस मी मंदारच्या आधी उचलून टाकायचे. उशीवरचे झटकायचे. एकदा ऑफिसच्या बेसमेंटमध्ये गाडी लावली, आरशात पाहिलं, आणि भांगाच्या बाजूला चौथी जागा पातळ होताना दिसली. मी गाडीतच रडले. माझं सगळं डोकं असंच जाणार, भुवया जाणार, आणि मग मी आरशात कुणाकडे बघणार, असं वाटत होतं. केसांसाठी काय रडायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

दोन महिने झाले. मॅजेस्टिक तसंच. व्हाइटफील्ड तसंच, फक्त चकचकीत. आणि हेब्बाळ, जिला आम्ही काहीही लावलं नव्हतं, ती वाढून मोठ्या लिंबाएवढी झाली.

"बघ," आई म्हणाल्या, "उपाशी ठेवलीस तिला."

बिब्बा

आईंच्या थोरल्या भावाला लहानपणी चाई पडली होती. त्यांच्या आजीनं बिब्बा टोचून त्याचं तेल लावलं आणि केस आले. हे आईंनी स्वतः पाहिलं होतं. ज्यांना बिब्बा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ते काळं, हृदयाच्या आकाराचं फळ असतं. सुईवर धरून गरम केलं की त्यातून काळं तेल सुटतं. पूर्वी धोबी त्यानं कपड्यांवर खुणा करायचे, त्या कधीच धुऊन जात नसत. त्यावरून तरी मला अक्कल यायला हवी होती.

चिकपेटला साड्यांच्या खरेदीला गेलो होतो, तिथल्या एका ग्रंथिगे अंगडीत, म्हणजे आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात, आईंना बिब्बे दिसले. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू माहेरचं माणूस भेटलं असावं. कागदात बांधून आणले.

"सगळ्यांना सोसत नाही हो," त्या घरी आल्यावर म्हणाल्या. "एखाद्याला उततो, फोड येतात. आधी हातावर लावून बघू."

"हातावर काय बघायचंय?" मी म्हटलं. "हेब्बाळ कोरी आहे ना? तिच्यावर आधी काहीच लावलेलं नाही. तिथंच लावा. रिझल्ट एकदम क्लीन मिळेल."

आई कचरत होत्या. मीच मान तिरकी करून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी गॅसवर बिब्बा धरला आणि सुईच्या टोकानं तेल लावलं. पहिल्यांदा काही झालं नाही. मग डंख मारल्यासारखं झालं, आणि मला वाटलं, लागू पडतंय.

सकाळी माझे डोळे उघडेनात. कान सुजून पावासारखा झाला होता, मानेपर्यंत फोड आले होते आणि कानावरची जागा पाणी गळत लाल झाली होती. आईंनी खोबरं वाटलं, तीळ वाटले, धावत धावत सगळं लावलं. मंदारनं एका शब्दानंही कुणाला दोष दिला नाही. त्यानं फक्त गाडीची किल्ली घेतली.

हॉस्पिटल

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरला 'बिब्बा' कसा सांगायचा, याचं उत्तर माझ्या इंग्रजी, हिंदी कशातच नव्हतं. माझे डोळे बंद. मंदार फोनवर चित्र शोधत होता. मागे आई मराठीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी लावलं, मी लावलं."

तेवढ्यात एक आवाज आला, "बिबा उतलाय काय वो तुम्हाला? अगं बाई!"

बेळगावकडची नर्स! मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण आपल्या भाषेत कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं आणि माझा अर्धा जीव भांड्यात पडला. तिनं डॉक्टरांना कानडीत सांगितलं आणि मग चक्रं फिरली.

जखमेत पू झाला, म्हणून पुढचे काही दिवस मला तिथंच ठेवलं. सकाळी ड्रेसिंग, मग राउंड, मग इडली, मग पुन्हा ड्रेसिंग. ड्रेसिंगसाठी कानाभोवतीचे केस भादरले. नर्सबाई ड्रेसिंग करताना मला बेळगावच्या कुंद्याची, म्हणजे तिथल्या खव्याच्या मिठाईची, कृती सांगायच्या, रोज थोडं थोडं, आणि ऐन दुखायच्या वेळी विचारायच्या, "मग खवा किती वेळ परतायचा, सांगा बघू?" मी दात आवळून उत्तर द्यायचे. कुंदा मला अजून येत नाही, पण त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

आई रोज यायच्या, डबा आणायच्या आणि पलंगाच्या उजव्या बाजूला बसायच्या. डावीकडे एकदाही आल्या नाहीत. ड्रेसिंग सुरू झालं की व्हरांड्यात निघून जायच्या.

येतील ना?

घरी आल्यावर मी इंजेक्शनं सुरू केली. डोक्यात सुया घ्यायला मला आवडतं असं नाही, पण बिब्ब्यानंतर त्या अगदीच सौम्य वाटल्या. काही महिन्यांनी मॅजेस्टिकवर पांढरी लव दिसली. मग व्हाइटफील्डवर, आणि भांगाजवळच्या त्या चौथ्या जागीही. पांढरी का होईना, पण माझी! मी मंदारला रस्त्यात थांबवून भर फुटपाथवर डोकं दाखवलं.

हेब्बाळच्या जागी मात्र काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि स्वच्छ सांगितलं, "इथं आता व्रण आहे. मुळंच राहिलेली नाहीत. इथं केस येणार नाहीत."

मी म्हटलं, "बरं." आणि मला खरंच तसं वाटलं. बाकीचं डोकं परत येत होतं. एक प्लॉट गेला तर गेला.

प्रश्न माझा नव्हता, आईंचा होता. त्यांनी तेल करणं बंद केलं होतं. बाटल्या घेऊन आलेल्या बायकांना त्या दारातूनच "आता होत नाही माझ्यानं" म्हणून परत पाठवायच्या. माझ्या डोक्याला हात लावणं सोडाच, डाव्या बाजूला त्या नजरही जाऊ देत नसत. जेवायला बसतानासुद्धा माझ्या उजवीकडे बसायच्या. अधूनमधून भिंतीकडे बघत विचारायच्या, "तिथं येतील ना गं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर मलाही माहीत नव्हतं. नंतर माहीत होतं.

"सांगू नकोस," मंदार म्हणाला. "तिनं बॅग काढून ठेवलीय. तुला बरं वाटलं की साताऱ्याला जाते म्हणते. हे कळलं तर उद्याच जाईल, आणि तिथल्या रिकाम्या घरात एकटी बसून राहील. परत यायची नाही ती."

मी आईंना ओळखते. त्याचं खरं होतं. म्हणून मी म्हणत राहिले, "येतील हो. वेळ लागतो." दर वेळी त्यांचा चेहरा थोडा सैल व्हायचा आणि मला स्वतःची चीड यायची.

जे विचारतात त्यांच्यासाठी

मला हल्ली ओळखीच्या ओळखीतून फोन येतात. घरचं तेल सोडू का, असं पहिलं विचारतात. अजिबात सोडू नका! घरचं तेल, शिकेकाई, कोरफड आहेत त्या केसांना छान असतात, डोक्याला मालिश झालं की झोप लागते, आणि लावणारं माणूस आपलं असतं. पण चाई हा केसांचा आजारच नव्हे, तो आतला आहे. त्याला जास्वंद काय करणार? आईंच्या भावाचे केसही बहुधा आपणहोऊनच आले असणार, आणि श्रेय बिब्ब्यानं घेतलं. डॉक्टरांकडे जा, आणि काय काय लावलं ते लाज न बाळगता सांगा. कांदा लावायचाच असेल तर लावा, फक्त लिफ्ट वापरू नका. बिब्ब्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. आणि रडायचं असेल तर बेसमेंट उत्तम, तिथं नेटवर्क नसतं.

मशीन

उरलेल्या लांब केसांनी ती जागा झाकण्यात माझी रोजची सकाळ जायची. पिना, क्लिपा, स्प्रे. दुपारी वारा आला की सगळं पुन्हा. एका रविवारी सकाळी मला त्याचा मनापासून कंटाळा आला. मंदार भाजी आणायला गेला होता. मी त्याचं दाढीचं मशीन घेतलं, बाल्कनीत स्टूल ठेवलं, अंगावर जुनी चादर गुंडाळली आणि आईंना हाक मारली.

"आई, माझे केस कापून द्या. सगळे. अगदी बारीक."

आई दारातच थबकल्या. "सवाष्ण बाईच्या डोक्याला मशीन? वेड लागलंय का तुला? अभद्र काही बोलू नकोस. पार्लरला जा हवं तर."

"पार्लरला नाही जायचं. मला तुमच्याच हातून हवंय."

"माझ्या हातून?" त्यांचा आवाज फाटला. "माझ्या हातून काय झालंय ते ठाऊक आहे ना तुला? आणि आता येतायत तर कापतेस कशाला? तिथले येऊ देत. तिथले आले की मग काय ते कर."

मंदारचं 'सांगू नकोस' माझ्या लक्षात होतं. खोलीतली त्यांची ती बॅगही मला बाल्कनीतून दिसत होती. पण अशा थापा मारत या बाईसोबत मला एक दिवसही काढायचा नव्हता.

"आई, तिथले येणार नाहीत."

मी थांबले नाही.

"डॉक्टरांनी कधीच सांगितलंय. मी तुम्हाला खोटं सांगत होते. तिथं आता कधीच येणार नाहीत. आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही हातावर लावून बघू म्हणाला होतात, मीच डोकं पुढे केलं. तुम्ही साताऱ्याला गेलात तर मात्र मला वाटेल. फार वाटेल. मला तुम्ही इथं हव्या आहात."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. मग आईंनी पदर खोचला, पुढे आल्या आणि माझ्या हातातून मशीन घेतलं.

"बटण कुठलं?"

त्यांनी उजवीकडून सुरुवात केली. केसांचे झुबके चादरीवर पडत होते, काळे, लांब. मधेच त्या नाक ओढत होत्या, मीही ओढत होते. टाळूवर आल्या, मागे गेल्या. मग मशीन थांबलं. आता फक्त डावी बाजू उरली होती. मी मान तिरकी केली आणि वाट पाहिली. मग मशीन पुन्हा सुरू झालं, कानाच्या वर आलं, शेवटचे केस गळून पडले आणि ते बंद झालं.

त्यांचा अंगठा त्या व्रणावर टेकला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूच फिरला. तेवढ्यात व्रण संपला.

"अगं," आई म्हणाल्या, "एवढंसंच आहे?"

"एवढंसंच आहे."

"मला वाटत होतं, अर्धं डोकं जाळलंय मी तुझं." आणि मग त्या माझ्या त्याच बाजूला कपाळ टेकून, इतक्या महिन्यांचं सगळं एकदम, मोठ्यानं रडल्या.